पिशवी गेली, बाई मागे राहिली आहे!

“पिशवी काढली” हे दोन शब्द महाराष्ट्रातील बायका ज्या सहजपणाने उच्चारतात, त्या सहजपणाने त्या दात काढल्याचेही सांगत नाहीत. नळावर, एस. टी.च्या बाकावर, लग्नघरच्या मांडवात कोणीही कान देऊन ऐकावे. “हिची काढली, तिची काढली, माझीही तीन वर्षांमागे काढली,” असा हिशेब चाललेला असतो. घरातली एखादी निरुपयोगी जिन्नस मोडीत घालावी आणि माळा मोकळा झाला म्हणून समाधान मानावे, तसाच हा सारा प्रकार! पाळीची कटकट गेली, कॅन्सरची धास्ती गेली, ‘मोकळी झाले’ असे बाई म्हणते आणि घरचेही म्हणतात. तिच्या या मोकळेपणाला पाच वर्षे, दहा वर्षे, पंधरा वर्षे लोटल्यावर तिच्या ओटीपोटात काय चालले आहे, याची विचारपूस मात्र कोणी करीत नाही. शस्त्रक्रिया करणारा डॉक्टर करीत नाही, ती करवून घेण्यास भाग पाडणारा मुकादम करीत नाही, ज्याच्या कारखान्यासाठी तिने कोयता चालविला तो चेअरमन करीत नाही, आणि तिच्या नावाने समित्या नेमणारे सरकार तर नाहीच नाही!

बीड जिल्ह्याचे नाव या संदर्भात उभ्या देशात गाजले, त्याला आता वर्षे झाली. जून २०१९ मध्ये विधान परिषदेत या विषयावर गदारोळ झाला. त्या एका जिल्ह्यात तीन वर्षांत ४,६०५ स्त्रियांची गर्भाशये काढण्यात आल्याची कबुली आरोग्यमंत्र्यांना सभागृहात द्यावी लागली. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्यात आली. तिच्यासाठी झालेल्या पाहणीत ८२,३०९ ऊसतोड महिलांना विचारण्यात आले, तेव्हा त्यांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली आढळली. म्हणजे दर सहा बायकांमागे एक! देशाचे त्याच सुमाराचे प्रमाण काय होते? २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणे पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या शंभर स्त्रियांमागे तीनच्या किंचित वर. वाचकांनी हे दोन आकडे शेजारी शेजारी ठेवावेत. त्यावर भाष्य करण्याची आम्हांला गरज वाटत नाही.

कारणांची चर्चा तेव्हा पुष्कळ झाली, म्हणून ती येथे थोडक्यात आटोपतो. मुकादमाकडून उचल घेतलेली. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’. दोघांपैकी एकाचाही खाडा झाला तर दंड. २०१९ साली या दंडाचा आकडा दिवसाला पाचशे रुपये असा वृत्तपत्रांतून छापला गेला होता. फडात संडास नाही, पाणी नाही, पाळीच्या दिवसांत आडोसा नाही. मग अंगावरून पांढरे जाते, ओटीपोट दुखते, म्हणून बाई तालुक्याच्या गावी खाजगी दवाखान्यात जाते. तेथे सोनोग्राफीच्या कागदावर बोट ठेवून तिला सांगण्यात येते, की पिशवीच्या तोंडाला सूज आहे, ठेवली तर कॅन्सर होईल! सूज म्हणजे कॅन्सर नव्हे, पांढरे जाणे हा बहुधा औषधाने बरा होणारा जंतुसंसर्ग असतो, हे तिला कोण सांगणार? तिशीच्या आतबाहेरची बाई सावकाराकडून कर्ज काढते आणि आपल्या शरीरातील एक अवयव काढून देऊन घरी येते. हा व्यवहार ज्यांनी केला त्यांना वैद्य म्हणावे की दलाल, हा प्रश्न तेव्हाही विचारला गेला होता आणि आजही तो अनुत्तरित आहे.

परंतु आमचा आजचा विषय तो नाही. ज्यांची पिशवी त्या काळात गेली त्या बायका नाहीशा झालेल्या नाहीत. त्या आज चाळिशी-पंचेचाळिशीच्या घरात आहेत आणि दसरा-दिवाळी उलटली की त्यांतल्या पुष्कळजणी आजही ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत संसार घालून पश्चिम महाराष्ट्राच्या आणि कर्नाटकाच्या वाटेला लागतात. त्यांची नवी दुखणी आता सुरू झाली आहेत. शहरांतही हीच गोष्ट आहे. चांगल्या इस्पितळात, योग्य कारणासाठी, निष्णात हातांनी शस्त्रक्रिया झालेल्या सुशिक्षित स्त्रियासुद्धा दहा वर्षांनी एखादे चमत्कारिक लक्षण दिसू लागले, की ओठ मिटून बसतात. “पिशवी तर काढली आहे, मग हे कशाचे?” हा प्रश्न त्या मनातल्या मनात विचारतात, आणि त्याचे उत्तर मिळत नाही म्हणून तो गिळून टाकतात.

उत्तर अवघड नाही. ते कोणी साध्या मराठीत सांगत नाही, एवढेच.

गर्भाशय ही ओटीपोटात नुसती ठेवलेली पिशवी नव्हे. ती बळकट बंधांनी कमरेच्या हाडांना टांगलेली असते. तिच्या पुढे मूत्राशय, मागे गुदाशय, आणि या सर्वांना खालून तोलून धरणारी स्नायूंची एक झोळी असते. घराच्या मधला खांब काढावयाचा असेल, तर तुळयांना दुसरा टेकू देऊनच काढावा लागतो. त्याचप्रमाणे गर्भाशय काढल्यावर योनिमार्गाचा जो माथा उघडा पडतो, तो त्या बंधांना नीट बांधून द्यावा लागतो. निष्णात सर्जन हे काम मन लावून करतो. दिवसाकाठी रांग लावून पिशव्या काढणाराला तेवढी फुरसत नसते. आणि काम उत्तम झाले असले तरी पुढल्या वर्षांत बाळंतपणांनी आधीच सैल झालेली झोळी, पाळी गेल्यानंतर कमी होणारा स्नायूंचा कस, चुलीच्या धुराने जडलेला खोकला, बद्धकोष्ठाने रोज द्यावा लागणारा जोर आणि डोक्यावरचे ओझे ही सारी त्या टाक्यांवर ताण देतच असतात. ऊसतोड बाई मणभर वजनाची मोळी डोक्यावर घेऊन शिडीवरून गाडीत चढते, आणि हे ती दिवसातून एकदा करीत नाही. मग केव्हातरी योनीचा माथाच खाली सरकू लागतो. त्याच्याबरोबर पुढून मूत्राशय किंवा मागून आतडे खाली उतरते.

आमच्या बायकांच्या भाषेत याला ‘अंग बाहेर येणे’ म्हणतात. हा शब्द इतका नेमका आहे, की त्यापुढे कोणत्याही वैद्यकीय पाठ्यपुस्तकाची परिभाषा फिकी पडावी. मात्र हेच अंग पिशवी काढलेल्या बाईचे बाहेर येऊ लागले, म्हणजे तिच्यावर कोणी विश्वास ठेवीत नाही! “पिशवीच नाही तर बाहेर काय येणार?” असे सासू म्हणते, नवरा म्हणतो, आणि खेदाची गोष्ट अशी, की क्वचित डॉक्टरही तिला न तपासता तसेच म्हणून परत पाठवतो. काहीतरी खाली ओढल्यासारखे वाटणे, बसताना आपण एखाद्या चेंडूवर बसलो आहोत असा भास होणे, संध्याकाळपर्यंत कंबर भरून येणे, लघवीला बसल्यावर ती पुरी न होणे, शौचाला बोटाने दाबून धरावे लागणे, ही लक्षणे बाईच्या मनाचे खेळ नव्हेत. दुखणे फार वाढले तर मूत्रपिंडावरही त्याचा दाब येऊ शकतो. ज्याला दोन मिनिटांच्या तपासणीत ओळखता येते, त्या दुखण्यासाठी दहा-दहा वर्षे बायका कुढत बसतात.

लघवीचे दुखणे तर याहून घरोघरचे. खोकले, शिंकले, हसले, ओझे उचलले, की दोन थेंब जातात. किंवा कळ आली की मोरीपर्यंत पोचेतो धीर निघत नाही. ही दोन दुखणी वेगळी आहेत आणि त्यांचे उपायही वेगळे आहेत. परंतु बाईचा उपाय एकच असतो. ती पाणी पिणे सोडते. लोकलने कामाला जाणारी बाई सकाळपासून घोटभर पाणी घेत नाही. फडातली बाई तर दिवस उजाडल्यापासून दिवस मावळेपर्यंत तशीच राहते. पाणी तोडल्याने लघवी कडक होते, जळजळ होते, जंतुसंसर्ग होतो, म्हणजे दुखणे एकाचे दोन होतात. कीर्तनाला जाणे सुटते, वारीला जाणे सुटते, लेकीच्या घरी मुक्काम करणे सुटते. आपल्या अंगाला वास येत असेल, या एका शंकेपायी चारचौघींत बसणे सोडलेल्या बायका आपल्या प्रत्येकाच्या नात्यागोत्यात आहेत. आपण मात्र ‘स्वभाव फार एकलकोंडा झाला हो’ म्हणून त्यांना नावे ठेवून मोकळे होतो!

आता बीजकोशांची, म्हणजे अंडाशयांची गोष्ट. पिशवीबरोबर ती काढली की ठेवली, हे शंभरातील किती बायकांना ठाऊक असते? “सगळे काढले” एवढेच त्या सांगतात. पण या ‘सगळ्या’त फार मोठा फरक आहे. तिशी-पस्तिशीच्या बाईची दोन्ही अंडाशये काढली, तर दुसऱ्या दिवसापासून ती पन्नाशीची होते. अंगातून वाफा निघणे, झोप उडणे, योनिमार्ग कोरडा पडून जळजळणे, नवऱ्याचा सहवास नकोसा होणे हे लगेच कळून येते. हाडे ठिसूळ होत जाणे आणि हृदयविकाराचा धोका वाढणे हे पुढे वर्षानुवर्षे न कळत चालू राहते. अशा बाईला इतर काही अडचण नसेल तर पाळी जाण्याच्या नैसर्गिक वयापर्यंत इस्ट्रोजेनचे औषध द्यावे, असे वैद्यकशास्त्र सांगते. आमच्या खेड्यापाड्यांतील किती बायकांना ते मिळाले? अंडाशये ठेवली असली तरी काहींच्या बाबतीत ती अपेक्षेपेक्षा काही वर्षे आधीच थंडावतात. शिवाय ठेवलेल्या अंडाशयावर पुढे गाठ होऊ शकते, ते आतल्या व्रणांत चिकटून एका बाजूला सारखे ठणकू शकते. पोटातील शस्त्रक्रियेनंतर आतडी एकमेकांना चिकटून राहणे हेही अपूर्व नाही. “पिशवी काढली, आता कॅन्सरची चिंता नाही,” हे वाक्य म्हणूनच अर्धसत्य आहे. अंडाशय असेल तर त्याचा कॅन्सर होऊ शकतो. पिशवीचे तोंड ठेवून वरचाच भाग काढला असेल, तर त्या तोंडाचीही तपासणी पूर्वीप्रमाणेच वेळच्या वेळी झाली पाहिजे.

आणि एक गोष्ट आम्ही निक्षून सांगतो. पिशवी काढलेल्या बाईच्या अंगावरून वर्षांनी रक्ताचा एक डाग जरी दिसला, तरी तिने तो ‘उष्णतेचा’ म्हणून सोडून देऊ नये. बहुधा त्याचे कारण साधे निघेल. योनिमार्गाची त्वचा पातळ झाली असेल, जुन्या टाक्याजवळ मांसल कोंब आला असेल. परंतु जे कारण साधे नसते तेही त्याच डागाने प्रथम दिसते. लघवी तुंबली, ओटीपोटातील कळांबरोबर ताप आला, पोट फुगून ओकाऱ्या सुरू झाल्या, तर त्याच दिवशी इस्पितळ गाठावे. काढे, भाजलेली वीट आणि अंगारे यांची ही वेळ नव्हे.

शस्त्रक्रियेविरुद्ध सरसकट आरोळी ठोकण्याचा आमचा हेतू आहे, असा गैरसमज कोणी करून घेऊ नये. गर्भाशयाच्या कॅन्सरात, मोठाल्या गाठींनी अतोनात रक्तस्राव होऊन बाई पांढरीफटक पडत असता, बाळंतपणात रक्त थांबेनासे झाले असता हीच शस्त्रक्रिया जीव वाचवते, आणि अशा असंख्य बायका पुढे सुखाने नांदतात. ओटीपोटाचे प्रत्येक नवे दुखणे त्या जुन्या शस्त्रक्रियेच्या माथी मारणेही न्यायाचे होणार नाही. वय, बाळंतपणे, वजन आणि कष्ट यांचा वाटा त्यात मोठा असतो, आणि पिशवी शाबूत असलेल्या बायकांचेही अंग बाहेर येतेच. पण ज्या बाईला शस्त्राखाली घेतले, तिला हे सारे आधी समजावून सांगणे आणि नंतर बोलावून तपासणे हे डॉक्टरचे कर्तव्यच होय. ते न करता केवळ टाके काढून तिची बोळवण करणे याला आम्ही वैद्यकी म्हणत नाही.

याच महाराष्ट्राचा इतिहास या बाबतीत किती निराळा आहे, हे सांगितले म्हणजे आजच्या अधःपाताची खोली ध्यानी येईल. मूळचे गोव्याचे आणि मुंबईत नाव कमावलेले डॉ. वि. ना. शिरोडकर यांनी १९५५ साली ज्या टाक्याची माहिती प्रसिद्ध केली, तो गर्भपात टाळणारा ‘शिरोडकर टाका’ जगभरच्या इस्पितळांत आजही घातला जातो. तरुण वयात अंग बाहेर येणाऱ्या स्त्रियांची पिशवी न काढता ती पट्टीने वर बांधून घेण्याच्या शस्त्रक्रिया शिरोडकरांनी आणि मुंबईच्याच डॉ. बी. एन. पुरंदरे यांनी बसवल्या. दोघांचीही नावे त्या शस्त्रक्रियांना कायमची चिकटली आहेत. पिशवी वाचविण्यासाठी ज्या प्रांतातील शल्यविशारदांनी आपली प्रतिभा खर्ची घातली, त्याच प्रांतात साध्या पांढऱ्या जाण्यावर पिशवी कापून काढण्याचा धंदा चालावा, यापरते दैवदुर्विलासाचे उदाहरण कोणते?

बायका बोलत नाहीत, म्हणून आम्हांला कळत नाही, अशी सबब सरकारी अधिकारी सांगतात. ही सबब निदान महाराष्ट्रात तरी कोणी सांगू नये. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीच्या दोन खेड्यांतील ६५० बायकांना तपासून जो निबंध १९८९ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध केला, त्याने जगाचे डोळे उघडले. त्या बायकांपैकी शेकडा ९२ जणींना स्त्रीरोगांपैकी काही ना काही होते. आणि पूर्वी कधीतरी तपासणी झालेल्या होत्या शेकडा अवघ्या ८! म्हणजे दुखणे जवळजवळ सगळ्यांना आणि तपासणी जवळजवळ कोणालाच नाही. त्या निबंधानंतरही आमच्या गावातील बाईपुढे दोनच वाटा उरल्या आहेत. एक मुकाट्याने सोसावे, नाही तर पिशवी काढून टाकावी. मधली जी तपासणीची आणि औषधाची वाट, ती सरकारने बांधलीच नाही.

त्या मधल्या वाटेवर करण्यासारखे पुष्कळ आहे, आणि त्याला फारसा पैसाही लागत नाही. लघवी जाणे आणि थोडे खाली उतरलेले अंग यांवर पहिला उपाय सुरीचा नव्हेच. ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आवळण्याचा व्यायाम अर्नोल्ड केगेल या अमेरिकन डॉक्टराने १९४८ साली जगापुढे मांडला. लघवी रोखून धरताना जे स्नायू आपण आत ओढतो तेच आवळावेत, मनात सावकाश पाच-सात अंक मोजावेत आणि सोडावेत. असे आठ-दहा वेळा, दिवसातून तीनदा, निदान तीन महिने. हा व्यायाम प्रत्यक्ष लघवी करताना मात्र करू नये, आणि श्वास कोंडून पोट ताणूही नये. भाकरी थापताना, बसमध्ये बसल्या जागी, कोणाला कळू न देता तो करता येतो. पण बऱ्याच बायका नेमके उलट, म्हणजे खाली जोर देतात. म्हणून एकदा तरी जाणत्या फिजिओथेरपिस्टने तपासून तो शिकवावा लागतो. दुसरा उपाय कडीचा. रबराची किंवा सिलिकोनची कडी योनिमार्गात बसवली, की उतरलेले अंग वर तोलले जाते. शस्त्रक्रिया नको असलेल्या, किंवा वयामुळे ती न झेपणाऱ्या बाईला ती वर्षानुवर्षे उपयोगी पडते. फक्त ती ठरल्या वेळी काढून, धुऊन, तपासून घ्यावी लागते. कोरडेपणावर आणि वारंवार होणाऱ्या जळजळीवर लावण्याचे इस्ट्रोजेनचे मलम डॉक्टरच्या सल्ल्याने वापरता येते. आणि एवढे सारे करून भागले नाहीच, तर योनीचा माथा पुन्हा वर बांधून देणाऱ्या चांगल्या शस्त्रक्रिया आहेत. तेथेही बाईने एक प्रश्न अवश्य विचारावा: आत जाळी बसविणार आहात काय, आणि ती कोणत्या मार्गाने? योनिमार्गातून बसवलेल्या जाळ्यांनी परदेशांत इतक्या स्त्रियांना छळले, की २०१८ साली ब्रिटनने त्यांचा वापर थांबवला आणि २०१९ साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने उतरलेल्या अंगासाठीच्या अशा जाळ्यांची विक्री बंद करण्याचा हुकूम काढला. परदेशात जे बाद झाले ते आमच्या बायकांच्या अंगात खपवू देता कामा नये.

कायद्याच्या बाजूने काहीच झाले नाही, असे आम्ही म्हणणार नाही. बिहार, छत्तीसगड आणि राजस्थान या राज्यांतील अशाच प्रकरणांवरून डॉ. नरेंद्र गुप्ता यांनी सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली होती. अनावश्यक गर्भाशय-शस्त्रक्रिया रोखण्यासाठी केंद्र सरकारने २०२२ साली मार्गदर्शक सूचना काढल्या, आणि एप्रिल २०२३ मध्ये न्यायालयाने सर्व राज्यांना त्या तीन महिन्यांत अंगीकारण्याचा आदेश दिला. देखरेखीसाठी राष्ट्रीय, राज्य आणि जिल्हा पातळीवर समित्या असाव्यात असे त्या सूचनांत आहे. ठीक आहे! पण हे सारे पुढच्या बाईसाठी आहे. जिची पिशवी आधीच गेली, तिच्या पदरात यातून काय पडते? चोरी झालेल्या घराच्या दाराला नवे कुलूप लावून पोलिसांनी निघून जावे, आणि घरात उपाशी बसलेल्या माणसांकडे ढुंकूनही पाहू नये, तशातलीच ही गत.

या बायकांपाशी साधा कागदही नाही, हे तर सर्वांत संतापजनक आहे. दहा वर्षांनी ओटीपोट दुखू लागलेली बाई नव्या डॉक्टरपुढे जाते, तेव्हा तो पहिला प्रश्न विचारतो, “नेमके काय काढले होते?” तिला ते ठाऊक नसते. इस्पितळातून सुटतेवेळी मिळालेला कागद फडातल्या पालात भिजला, उंदरांनी खाल्ला, किंवा मुळात दिलाच नव्हता. काढलेला अवयव प्रयोगशाळेत पाठवून त्याची तपासणी करावयाची असते. तो अहवाल आला का, त्यात काय निघाले, हे तिला कोणी सांगितलेले नसते. ज्या कॅन्सरचा बागुलबुवा दाखवून पिशवी काढली, तो कॅन्सर त्या पिशवीत होता की नव्हता, हे जाणण्याचा तिला हक्क नाही काय? आमच्या भगिनींना आमचे आग्रहाचे सांगणे आहे, की ज्यांची शस्त्रक्रिया झाली आहे त्यांनी इस्पितळाकडून आपल्या कागदांची नक्कल मागून घ्यावी आणि ती रेशनकार्डाइतकीच जपून ठेवावी. पिशवी, पिशवीचे तोंड, उजवे अंडाशय, डावे अंडाशय या चारांपैकी काय गेले आणि काय राहिले, हे घरच्या कोणा लिहिता-वाचता येणाऱ्याकडून वहीत उतरवून घ्यावे. आणि ज्या इस्पितळाने कागद देण्याचे नाकारले त्याचा जाब जिल्हा शल्यचिकित्सकाने विचारावा.

पैसा कोठून आणावयाचा, हा सवाल नेहमीप्रमाणे पुढे येईलच. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने ऊसतोड कामगारांचे कल्याण महामंडळ अस्तित्वात आले आहे. गाळलेल्या उसाच्या दर टनामागे कारखान्यांनी त्यात दहा रुपये घालावेत, असे २०२१ साली सरकारनेच जाहीर केले. त्या पैशातून तालुक्याच्या रुग्णालयात एक फिजिओथेरपिस्ट आणि कपाटभर कड्या ठेवता येत नाहीत, असे कोणाला म्हणावयाचे असेल तर त्याने ते बीडच्या भर बाजारात येऊन म्हणावे! साखरेच्या पोत्याचा हिशेब किलोपर्यंत ठेवणारे आमचे सहकारमहर्षी, ते पोते जिने भरले तिच्या अंगाचा हिशेब ठेवताना मात्र कसे विसराळू होतात, हे कोडे आम्हांला कधी उलगडलेले नाही.

गाळप आटोपून कोयते मार्च-एप्रिलमध्ये गावी परततात आणि पेरणीपर्यंत बायका घरी असतात. तेवढीच एक सवड. त्या दोन महिन्यांत आष्टी, पाटोदा, शिरूर कासार, वडवणी, धारूर, केज या तालुक्यांत स्त्री-डॉक्टरांची पथके बसवावीत. आडोसा, पाण्याची सोय आणि तपासणीचे टेबल एवढे तरी असावे. ‘काही त्रास आहे का?’ असे विचारले तर बाई ‘नाही’ म्हणेल, म्हणून आशाताईंनी तिला नाव घेऊन विचारावे: खोकताना लघवी जाते का, खाली काही उतरल्यासारखे वाटते का, कधी रक्त दिसले का, अंगातून वाफा निघतात का, आणि तुझा कागद कोठे आहे? ज्यांना हे विचारावयाचे त्यांना शोधत हिंडण्याचेही कारण नाही. २०१९ साली सरकारी माणसे त्यांच्या दारात जाऊनच १३,८६१ हा आकडा घेऊन आली होती.